पापे पदरी घेण्याविषयी आमच्या पंचमंडळास खुले पत्र

माननीय पाळकसाहेब, पंचमंडळाचे सचिव व सर्व पंच यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

मागील महिन्यात मी आपणाकडे एक अर्ज दिला होता. 1998 साली मंडळीचा खजिनदार असताना मी मंडळीच्या पैशाबाबत जे केले त्याची नोंद पंचमंडळाच्या इतिवृत्तात व्हावी, आणि त्या प्रकरणात ज्यांच्याकडे विनाकारण बोट दाखवले गेले त्यांच्यावर कोणताही ठपका नाही असे त्याच पानावर लिहिले जावे, एवढीच त्यातील मागणी होती. आपण मला प्रेमाने बोलावलेत, चहा पाजलात, माझ्या वयाचा आणि सेवेचा गौरवाने उल्लेख केलात आणि अर्ज माझ्या हातात परत दिलात. आपल्यापैकी एक जण म्हणाले, "सर, प्रभूने केव्हाच माफ केले. आता झाले गेले गंगेला मिळाले." तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती पंचांच्या तोंडी गंगा आलेली पाहून मला हसू आले, पण घरी पोचेपर्यंत ते मावळले, कारण आपली मंडळी पापाचा हिशेब कसा मिटवते हे त्या एका वाक्यात पुरते आले होते. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

त्या वर्षी जे घडले ते प्रथम सांगतो. नाही, "घडले" हा शब्द मी येथे वापरता कामा नये. जे मी केले ते सांगतो.

त्या वर्षी हंगामाच्या सणाचा लिलाव चांगला झाला होता. बाजरीची पोती, भोपळे, कोंबड्या, घरी केलेली लोणची असे सगळे अंगणात मांडले होते आणि एका नारळावर दोन सख्ख्या भावांनी हट्टाने बोली इतकी चढवत नेली की बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. जमलेली रक्कम पत्र्याच्या पेटीत घालून मी वेस्ट्रीतल्या, म्हणजे उपासना मंदिराला लागून असलेल्या खोलीतल्या, कपाटात ठेवली. पेटीचे कुलूप कधीच बिघडलेले असल्यामुळे कपाटाची किल्ली हीच काय ती राखण होती, आणि त्या किल्ल्या दोन होत्या. एक माझ्याकडे असे. दुसरी, मंदिराच्या दाराच्या किल्लीसह एकाच जुडग्यात, झाडलोट करणाऱ्या आणि घंटा वाजवणाऱ्या गृहस्थांकडे असे. माझ्या मुलीच्या अध्यापक विद्यालयाच्या फीचा हप्ता त्याच आठवड्यात भरायचा होता आणि पतपेढीचे कर्ज मंजूर व्हायला वेळ होता. मी पेटीतून 4,300 रुपये काढले व उरलेली रक्कम बँकेत भरली. परत ठेवायचे आहेत, म्हणजे ही चोरी नव्हे, असे मी स्वतःला समजावले होते. चोर स्वतःला जितके समंजसपणे समजावतो तितके दुसरे कोणी त्याला समजावत नसेल.

फेब्रुवारीत हिशेब तपासनिसांनी पावत्यांच्या स्थळप्रती आणि पासबुक ताडून पाहिले तेव्हा तफावत निघाली. पंचांच्या सभेत मला विचारण्यात आले. मी म्हणालो, "मोजण्यात काही चूक झाली असेल. आणि किल्ली दोघांकडे असते."

आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवल्यामुळे त्या दुसऱ्या वाक्याकडे मी पुन्हा पुन्हा परत जातो. त्यातील एकही शब्द खोटा नव्हता. किल्ली खरोखरच दोघांकडे असे. मी कोणाचे नाव घेतले नाही, आरोप केला नाही, आवाजही चढवला नाही. केवळ चार शब्द टेबलावर ठेवून मी गप्प बसलो आणि पुढचे काम सभेने केले. त्या गृहस्थांकडून जुडगा काढून घेण्यात आला. आठ दिवसांनी कर्जाची रक्कम हातात पडल्यावर मी 4,300 रुपये एका पाकिटात घालून कपाटातल्या जुन्या नोंदवहीत सरकवले आणि दुसऱ्या दिवशी ते मलाच "सापडले". सर्वांना हायसे वाटले. उपकारस्तुतीची प्रार्थना करायला पाळकसाहेबांनी मला सांगितले व ती मी केली. पैसे सापडले तरी जुडगा मात्र त्यांना कोणी परत दिला नाही. ते पुढे अनेक वर्षे पहाटे घंटेसाठी येत राहिले, आणि कोणीतरी येऊन दार उघडेपर्यंत पायरीवर बसून राहत.

आपण म्हणता की प्रभूने माफ केले आहे. मीही हे देवाजवळ कधी बोललो नाही असे नाही. दर रविवारी उपासनेत पापांगीकार, म्हणजे सर्वांनी मिळून म्हणायची पापांची कबुली, असतोच, आणि आपल्या मंडळीत तो म्हणायला मिनिटभरही लागत नाही. "आम्ही विचाराने, शब्दाने व कृतीने" असे एका सुरात म्हणताना माझे 4,300 रुपये त्या "आम्ही"मध्ये विरघळून जात. शेजारी बसलेल्या बाईंनी सुनेला बोललेला कडू शब्द, मागच्या बाकावरच्या तरुणाचा आळस आणि माझी चोरी ही सगळी एका कढईत पडत आणि तोंडी लावण्यापुरती कोणाच्याच वाट्याला येत नसत. सामूहिक पापांगीकार चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. नहेम्या आणि दानीएल यांनी आपल्या लोकांच्या पापात स्वतःला धरून प्रार्थना केल्या आहेत. परंतु त्यांनी "आम्ही" म्हटले ते स्वतःला आत घेण्यासाठी, आणि मी ते म्हणत आलो बाहेर पडण्यासाठी.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील नववे वचन घ्या. तेथे आपली पापे "कबूल केली" असे न म्हणता "पदरी घेतली" असा शब्दप्रयोग आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ "तेच म्हणणे", म्हणजे देव ज्याला पाप म्हणतो त्याला आपणही पाप म्हणणे, असा आहे, आणि तो अर्थ उत्तमच आहे. परंतु भाषांतरकारांनी निवडलेल्या या मराठी शब्दांत मला अधिक काही दिसते. पदरात घेतलेल्या वस्तूला वजन असते. ती घेण्यासाठी दोन्ही हातांनी पदर पसरावा लागतो, आणि पसरलेला पदर चारचौघांना दिसतो. मनातल्या मनात पदरी घेता येत नाही. आपल्या रोजच्या बोलण्यातही "मी कशाला त्या पापाचा धनी होऊ?" असे आपण म्हणतो, म्हणजे पापाला धनी असतो, ते बेवारस नसते, हे आपल्या भाषेला ठाऊक आहे. शाळेत मी वाल्या कोळ्याची गोष्ट सांगत असे. माझ्या पापात वाटेकरी होता का, असे तो घरी विचारतो आणि बायकामुले नाही म्हणतात, त्या जागी वर्ग नेहमी शांत होई. गोष्ट आपल्या शास्त्रातली नाही, पण तो प्रश्न आपल्याही दारात येऊन उभा राहतो.

याच भाषेत पापाचा धनी लपवण्याच्या सोयीही भरपूर आहेत. "माझ्याकडून झाले", "तोंडातून निघून गेले", "वेळच तशी आली" ही वाक्ये आपण दिवसभर बोलतो आणि त्यांत कर्ता शोधावा लागतो. पवित्र शास्त्र असल्या वाक्यांना ओळखते. एदेन बागेत आदाम म्हणाला की तू दिलेल्या स्त्रीने फळ दिले, म्हणजे त्याने एका वाक्यात बायको आणि देव असे दोन आरोपी उभे केले. सीनायच्या पायथ्याशी लोकांनी सोन्याचे वासरू पुजले तेव्हा अहरोनाने आपला भाऊ मोशे याला दिलेले उत्तर तर ऐकताना हसू येईल असे आहे: लोकांनी सोने दिले, मी ते अग्नीत टाकले आणि हे वासरू बाहेर निघाले. त्याच अध्यायात थोडे वर, त्यानेच हत्याराने ते घडवल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. "किल्ली दोघांकडे असते" हे माझे वाक्य अहरोनाच्या वाक्याचे सख्खे भावंड आहे.

आता आपल्या मंडळीत अलीकडे रुजू लागलेल्या एका गोष्टीविषयी, जी मला अधिक गंभीर वाटते. गेली काही वर्षे बाहेरून वक्ते बोलावून आपण सुटकेच्या सभा घेत आहात. तेथे रागाला एक आत्मा असतो, दारूला दुसरा, व्यभिचाराला तिसरा, आणि या सर्वांच्या मागे पिढीजात शाप असतो, असे शिकवले जाते. साक्ष देणारा भाऊ उभा राहून सांगतो की सैतानाने मला दारूत पाडले होते आणि प्रभूने सोडवले. हालेलुया होतो. त्या काळात त्याच्या हातून मार खाल्लेली त्याची पत्नी तिसऱ्या रांगेत बसलेली असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही, कारण त्या कथेत मारणारा सैतान आहे आणि सोडवणारा प्रभू आहे. नवऱ्याला काही भूमिकाच नाही.

सैतान नाही असे मी म्हणत नाही. मोह पाडणारा आहे आणि त्याच्यापासून आम्हांस सोडव अशी प्रार्थना प्रभूनेच शिकवली आहे. पण याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात सांगतो की प्रत्येक जण मोहात पडतो तो स्वतःच्या वासनेने ओढला जाऊन. पुढे हिप्पोचा बिशप झालेला ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानी या गुरूच्या पंथात होता. पाप मी करत नाही, माझ्यातील दुसरी एक शक्ती करते, ही त्या पंथाची शिकवण आपल्याला का आवडली, हे त्याने पुढे आत्मकथनात कबूल केले आहे: आपण निर्दोष आहोत या कल्पनेने त्याचा अहंकार सुखावत होता. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या एका बिशपाने जी दिशाभूल स्वतःच्या पदरी घेतली, ती आज आपण ध्वनिक्षेपक लावून शिकवत आहोत.

पिढीजात शापाविषयी माझा राग जरा वैयक्तिक आहे, तो आपण समजून घ्यावा. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली अहमदनगरला सुरू झाले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कितीतरी मंडळ्यांप्रमाणे आपल्या मंडळीतील बहुतेक घराण्यांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे होते. माझे पणजोबा गावकीची कामे करत, पडेल ते ओझे वाहत आणि उरलेसुरले खात. त्यांनी मूर्तिपूजा केली म्हणून त्यांचा शाप माझ्यावर आला आणि त्या शापामुळे मी पेटीत हात घातला, असे मला कोणी सांगितले तर मी ते ऐकून घेणार नाही. ज्यांच्या डोक्यावर गावाने आयुष्यभर भार ठेवला, त्यांच्याच माथ्यावर मेल्यानंतर मी माझ्या चोरीचे खापर फोडू? यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात नेमकी हीच म्हण मोडून काढलेली आहे. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, असे यापुढे इस्राएलात कोणी म्हणणार नाही. जो जीव पाप करील तोच मरेल.

येथे एक धोका आहे, तो लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. पाप पदरी घ्या असे म्हटले की ज्यांनी ते केलेच नाही तेच आधी पदर पसरतात. मूल होत नसलेली बहीण, नवऱ्याचा मार खाणारी बहीण, आजारी मुलाची आई यांना आपण आतापर्यंत पुष्कळ पापे शोधायला लावली आहेत. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. आणि प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. दुसऱ्याचे पाप आपल्या पदरात ओढून घेणे हा नम्रपणा नसून खऱ्या धन्याला मोकळे सोडणे आहे. त्या पायरीवर बसलेल्या गृहस्थांनी माझे पाप इतकी वर्षे वाहिले, ते त्यांनी मागून घेतलेले नव्हते.

पौलाने रोमकरांस लिहिताना सातव्या अध्यायात जे म्हटले ते आपल्यापैकी एकांनी माझ्यापुढे ठेवले: ते कर्म मी करत नाही, तर माझ्या ठायी वसणारे पाप करते. हे वचन अवघड आहे, आणि मी काही धर्मज्ञानाचा पदवीधर नाही. पण पुढे थोड्याच ओळींवर तोच पौल "किती मी कष्टी माणूस!" असे ओरडतो, हे वाचताना सुटू नये. सबब सांगणारा माणूस असा ओरडत नाही.

आपली खरी अडचण शास्त्राची नव्हती, हे आपण चहा संपता संपता सांगितलेत. इतिवृत्तात अशी नोंद झाली तर मंडळीची इज्जत जाईल, डायसिसपर्यंत, म्हणजे बिशपांच्या कचेरीपर्यंत, गोष्ट जाईल, इतर समाजात काय बोलले जाईल. मला त्या क्षणी शौल राजा आठवला. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात तोही "मी पाप केले आहे" असे म्हणतो, एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या वेळी तो लोकांच्या भीतीने केले अशी पुस्ती जोडतो, आणि दुसऱ्या वेळी तर लगेच शमुवेलाला विनवतो की माझ्या लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख. त्याच्यानंतरचा राजा दावीद याच्यासमोर नाथान संदेष्टा त्याचे पाप दाखवायला उभा राहिला तेव्हा दावीद म्हणाला की मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. मूळ इब्रीत हे उत्तर अवघ्या दोन शब्दांचे आहे आणि त्याला पुस्ती नाही. दाविदाचे पाप शौलापेक्षा लहान नव्हते, उलट त्यात एका निष्ठावंत शिपायाचा खून होता. वेगळे होते ते एवढेच, की त्याने मान राखायला सांगितले नाही.

मी त्या गृहस्थांकडे गेलो ते यंदाच्या उपवासकाळात, इतक्या उशिरा. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. ओट्यावर खाट टाकून बसले होते, सून शेंगा फोडत होती. मी जवळ बसून हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. त्यांना ऐकू कमी येते हे मला माहीत नव्हते. "मोठ्यानं बोला सर," ते म्हणाले. मी आवाज वाढवला. "काय? पेटीचं काय?" शेवटी मला अक्षरशः ओरडून सांगावे लागले की ते पैसे मी घेतले होते. सुनेचे हात थांबले. रस्त्याने सायकल घेऊन जाणारा एक मुलगा वळून पाहू लागला. ज्या कबुलीसाठी मी इतकी वर्षे खासगी जागा शोधत होतो, ती प्रभूने माझ्याकडून अर्ध्या गल्लीला ऐकवून घेतली.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी "माफ केले" असे म्हटले नाही, रडलेही नाहीत. त्यांनी विचारले, "मग पंचांना सांगितलं का?" माझा अर्ज या प्रश्नातून आला. हे पत्र प्रसिद्ध करण्यास त्यांनी संमती दिली आहे. नाव मात्र घालू नका म्हणाले.

आपण रोमन कॅथलिक नाही. पाळकाच्या कानात पाप सांगण्याची सक्ती आपल्या परंपरेने काढून टाकली आणि त्याला सबळ कारणे होती. पण रिकाम्या झालेल्या त्या जागी आपण काहीच ठेवले नाही. याकोबाने पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करा असे सांगितले आहे, ते वचन आपण आजाऱ्यांना तेल लावण्याच्या वचनानंतर वाचून पुढे जातो. जर्मनीत दीत्रिख बोनहोफर हे धर्मपंडित 1935 ते 1937 या काळात फिंकेनवाल्डे येथे पाळकीच्या विद्यार्थ्यांना शिकवत होते. प्रभुभोजनापूर्वी एखाद्या भावाजवळ आपले पाप बोलून या, असे ते त्यांना सांगत, आणि ते विद्यार्थी आपल्यासारखेच प्रॉटेस्टंट होते. फार लांब कशाला, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात 1905 साली जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झाले त्यात मुली आपापली पापे बोलून दाखवत, रडत होत्या. दर मे महिन्यात आपण संजीवन सभांचा मांडव घालतो आणि तसेच संजीवन मागतो, पण बोलून दाखवण्याचा भाग वगळून.

जुन्या काळी मंडळीची शिस्त म्हणून लोकांना प्रभुभोजनापासून दूर ठेवत, आणि त्या शिस्तीत गरिबाला लवकर आणि पाटलाला उशिरा शिक्षा होई, हे मी माझ्या वडिलांकडून ऐकले आहे. ती परत आणा असे मी सुचवत नाही. पापांगीकाराच्या वाचनाआधी दोन मिनिटे संपूर्ण शांतता ठेवावी, वाद्ये बंद असावीत आणि प्रत्येकाला आपल्या "आम्ही"मधला "मी" शोधायला वेळ मिळावा, इतके तरी पाळकसाहेबांना करता येईल. साक्षीला उभ्या राहणाऱ्याला आधी विचारावे की ज्याचे नुकसान केले त्याच्याकडे जाऊन आलास का. मोशेच्या नियमशास्त्रात घेतलेल्या रकमेत पाचवा हिस्सा घालून परत करण्याची आज्ञा आहे, आणि प्रभूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केले; आपण ओठांच्या कबुलीवर भागवतो.

पाचव्या हिश्श्याचा हिशेब मी केला आहे. 4,300 चे 860 रुपये होतात. मंडळीचे मुद्दल मी तेव्हाच परत ठेवले असले तरी ही भर कधी घातली नव्हती, ती या पत्रासोबत खजिनदारांकडे देत आहे आणि तिची पावती माझ्या नावाने, कारणासह, मिळावी अशी विनंती आहे. कारणाच्या रकान्यात "देणगी" लिहू नये.

अर्ज पुन्हा जोडला आहे. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा; मला आत बोलावण्याची गरज नाही, मी बाहेर पायरीवर बसेन. मंदिराचे कुलूप मध्यंतरी दोनदा बदलले आहे हे मला ठाऊक आहे. ठराव मंजूर झाला तर नव्या कुलपाची एक किल्ली करून घेऊन आपल्यापैकी कोणीतरी त्या घरी जावे आणि ती त्यांच्या हातात द्यावी. त्यांना आता घंटेपर्यंत चालत येणे जमत नाही. बोलताना आवाज मोठा ठेवावा.

प्रभूमध्ये आपला,
मंडळीचा माजी खजिनदार